आमदारांच्या निवडणूक खर्चाचा हिशेब मतदारांनी कसा तपासावा?

नमस्कार. विधानसभेच्या उमेदवाराला प्रचारावर 40 लाख रुपयांपर्यंत आणि लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात 95 लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. निकालानंतर 30 दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराने, जिंकलेल्याने आणि हरलेल्यानेही, या खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावा लागतो. चहा, वडापाव, मंडप, खुर्च्या आणि गाड्या यांचे दरही जिल्हा प्रशासन आधीच ठरवून देते, म्हणजे कागदावर व्यवस्था पुरेशी काटेकोर आहे.

प्रत्यक्षात काय घडते, हे आपण सारेच पाहतो. 2013 मध्ये गोपीनाथ मुंडे यांनी 2009 च्या लोकसभा निवडणुकीत आपला खर्च आठ कोटी रुपये झाल्याचे जाहीर भाषणात सांगितले, तेव्हा त्या निवडणुकीची मर्यादा 25 लाख होती. आयोगाने त्यांना नोटीस बजावली. त्यांची खासदारकी मात्र कायम राहिली. शिवाय मर्यादा आहे ती फक्त उमेदवाराला. पक्षाने स्वतःच्या सर्वसाधारण प्रचारावर किती पैसा ओतावा, याला कायद्यात कोणतीही मर्यादा नाही, आणि माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मोठे भगदाड हेच आहे. तो पैसा कोण देतो हे कळू न देणारी निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे देणगीदारांची नावे लोकांसमोर आली.

हिशेब खोटा असेल तर काय? भोकर मतदारसंघातून निवडून आलेले अशोक चव्हाण यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले, की हिशेब वेळेत आला की नाही एवढेच नव्हे, तर तो खरा आहे की नाही हेही आयोग तपासू शकतो. आयोगाने पुढे चव्हाण यांच्याविरुद्ध दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला, परंतु आयोगाच्या अधिकाराबाबतचे ते तत्त्व टिकले.

आता मतदाराच्या हातात काय आहे ते पाहू. उमेदवाराने सादर केलेला हिशेब नियमानुसार कोणालाही एक रुपया शुल्क भरून पाहता येतो आणि ठरलेले शुल्क भरून त्याच्या साक्षांकित प्रतीही मिळतात. तुमच्या गावातील सभेला किती गाड्या आल्या होत्या, मंडप केवढा होता, जेवणावळी किती उठल्या, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यातले कागदावर किती उतरले आहे, हे ओळखायला तुमच्याइतका योग्य तपासनीस दुसरा नाही. खर्च मर्यादेपेक्षा जास्त करणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचार आहे आणि त्या मतदारसंघाचा कोणताही मतदार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करू शकतो. त्यासाठी दोन हजार रुपये अनामत भरावी लागते. वकिलाचा खर्च अर्थातच वेगळा.

अडचण मुदतीची आहे. याचिका निकालापासून 45 दिवसांत दाखल करावी लागते आणि उमेदवाराला हिशेब देण्यासाठीच 30 दिवस मिळतात. हिशेब शेवटच्या दिवशी आला, तर तो मिळवून वाचायला, पुरावे जमवायला आणि वकील शोधायला सामान्य मतदाराकडे जेमतेम पंधरा दिवस उरतात. म्हणून मते मागायला आलेल्या प्रत्येक खासदाराला एक प्रश्न नक्की विचारा : खर्चाच्या कारणावरील याचिकेची मुदत हिशेब जनतेसाठी खुला झाल्याच्या दिवसापासून मोजावी, अशी दुरुस्ती तुम्ही संसदेत मांडणार आहात का?