कच्च्या केळ्यांची भाकरी

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावच्या गणपत गल्लीत हिरवी केळी मागितली की विकणारी मावशी आधी विचारते, "अक्का, भाजीची पायजेत का पिकवायची?" आज ज्या भाकरीविषयी मी बोलणार आहे, तिच्यासाठी भाजीचीच केळी घ्यावीत, आणि तीही जाड सालीची, घट्ट, टोकाला जराही पिवळी न पडलेली. केळे पिकू लागले की त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते; मग गोळा सैल पडतो आणि भाकरी भाजण्याआधीच करपते.

गव्हाऐवजी केळे वापरताना हमखास होणारी चूक म्हणजे त्याला कणीक समजणे. माझ्या हातूनही ती झाली. उकडलेली केळी मी मिक्सरमध्ये फिरवली, तर भांड्यात पतंगाला लावावी तशी खळ तयार झाली. ती पोळपाट सोडीना, लाटणेही सोडीना, आणि त्या रात्री घरच्यांना चिरमुऱ्यांवर भागवावे लागले. कणकेला ताणून धरणारे ग्लुटेन केळ्यात नसते. पण ते जोंधळ्यातही नसते, आणि तरीसुद्धा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उकळत्या पाण्यात पीठ भिजवून भाकऱ्या थापल्या जात आहेत. केळ्यालाही तोच हात लावायचा.

चार केळी सालीसकट कुकरमध्ये दोन शिट्ट्या होईपर्यंत उकडावीत. सालीसकट अशासाठी, की कच्चे केळे सोलताना त्याचा चीक बोटांना चिकटतो आणि गर काळा पडतो. सोलावेच लागले तर हाताला तेल लावून फोडी ताकाच्या पाण्यात टाकाव्यात. उकडलेली केळी सोलून गरम असतानाच किसावीत, कारण निवल्यावर गर घट्ट होऊन त्याच्या गुठळ्या राहतात. त्यात मीठ, जिरे, वाटलेली मिरची आणि मावेल तेवढे जोंधळ्याचे किंवा तांदळाचे पीठ घालून, पाणी न घालता मळावे. ओल्या फडक्यावर थापताना कडा चिरतात. ओल्या बोटाने त्या सांधून घ्याव्यात. मध्ये भोक पाडून, तेल सोडून, लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजले की कडा कुरकुरीत होतात आणि आतला भाग मऊ राहतो. सोबत शेंगदाण्याची चटणी असावी. गोड लोणचे मात्र तिच्याशी जमत नाही, असे माझे मत आहे.

आपल्या खानापूरला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, तसेच दक्षिण कन्नडमध्ये, २०२१ साली महिलांनी कच्च्या केळ्यांच्या चकत्या वाळवून त्यांचे पीठ दळण्यास सुरुवात केली. 'बाळे काई हुडी' या कन्नड शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'बाकाहु' हे सुटसुटीत नाव पडले. सुगीत केळी स्वस्त झाली की हे पीठ करून ठेवता येते. तिकडे दूर पोर्तो रिकोत हिरवे केळे तळून, चेपून पुन्हा तळतात, आणि शिकागोतल्या पोर्तो रिकन लोकांनी अशाच दोन चपट्या कापांमध्ये मांस घालून त्यांचा पावासारखा उपयोग केला.

ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी थापताना पिठीसुद्धा तांदळाचीच वापरावी. मधुमेह असलेल्यांनी मात्र गहू नाही म्हणून चार भाकऱ्यांची मोकळीक घेऊ नये, कारण केळ्यात पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. ही भाकरी तव्यावरून थेट ताटात यावी. निवल्यावर ती चिवट होते. उरलीच, तर सकाळी तुकडे करून कांद्याच्या फोडणीत परतावी.