बोल्ट उजवीकडे, डोळा डावीकडे

(फोंडा इथं क्रीडाशिक्षक आणि पालकांसमोर रायफल नेमबाजीवर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बसल्या जागीच एक करून बघा. दोन्ही हात समोर लांब करा, पंजे एकमेकांवर चढवा आणि मधे रुपयाच्या नाण्याएवढी फट ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून माझ्यामागच्या भिंतीवरचं घड्याळ बघा. दिसलं? आता हात न हलवता डावा डोळा मिटा. घड्याळ जागेवर असेल तर तुमचा उजवा डोळा पुढारी, म्हणजे नेम धरताना मेंदू त्याचं ऐकतो. घड्याळ गेलं आणि नुसता स्वतःचा पंजा दिसायला लागला, तर पुढारीपण डाव्या डोळ्याकडे आहे.

ज्यांचं घड्याळ गेलं त्यांनी हात वर करा. बघा किती हात वर आले. यातले बहुतेक जण उजव्या हातानं लिहिणारे असणार. माणसांमध्ये डावखुरे साधारण दहात एक, पण डावा डोळा पुढारी असलेले जवळजवळ तिनात एक. म्हणजे हात उजवा आणि डोळा डावा अशी पुष्कळ माणसं आपल्यात वावरतात आणि त्यांना आयुष्यभर त्याची खबर नसते. खबर लागायचं कारणही नसतं. भात कालवताना किंवा स्कूटर चालवताना हे कुठं आडवं येतं? रायफल खांद्याला लावली की मात्र पहिल्या पाच मिनिटांत आडवं येतं.

आपल्या घरांतून अजूनही पोरानं डावा हात पुढं करून प्रसाद घेतला की आजी हातावर चापट मारते. त्यामुळे कोण कुठल्या हाताचा, हे लिहिण्या-जेवण्यावरून ठरवू नका. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हातानं, बॅट धरतो उजव्या बाजूनं. गांगुलीचं नेमकं उलट. शाळेत मुलं निवडताना शिक्षक विचारतात, ‘बाळा, लिहितोस कुठल्या हातानं?’ आणि त्यावरून खांदा ठरवून टाकतात. प्रश्नच चुकीचा आहे.

खरी परीक्षा बघायची तर म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत फुगे फोडायच्या दुकानापाशी उभं राहा. ती बंदूक मधे मोडून भरायची, तिला डावी-उजवी बाजू नाही. पोराला कोणी शिकवलेलं नसतं. एखादा पोरगा दस्ता उजव्या खांद्याला लावतो आणि मान दस्त्यावरून वाकडी करून डावा डोळा नळीमागं आणायला बघतो. शेजारी उभे असलेले वडील ओरडतात, ‘अरे, सरळ बघ!’ तो सरळच बघत असतो. त्याचा डोळा त्या बाजूला आहे, एवढंच.

आता बोल्टकडे येऊ. बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारी दांडी. तिला मूठ असते. मूठ वर उचलायची, मागं ओढायची, पुंगळी बाहेर पडते, नवं काडतूस घालायचं, दांडी पुढं ढकलायची, मूठ खाली. ही रचना एकोणिसाव्या शतकात सैन्यांसाठी रुळली आणि सैन्यानं सगळ्यांना उजव्या हाताचं धरलं. रांगेत उभ्या शिपायांना वेगवेगळ्या रायफली कोण देणार? आपल्या गोव्याच्या भूमीनं या रचनेची दोन्ही मोठी घराणी पाहिली. पोर्तुगीज सैन्याची १९०४ ची मावझर-व्हर्गेरो, त्यानंतर १९३७ ची मावझर. आणि १९६१ मध्ये इथं आलेल्या भारतीय सैन्याची ली-एनफिल्ड, आपली थ्री-नॉट-थ्री. दोन्हींची मूठ उजवीकडे. गंमत अशी की थ्री-नॉट-थ्रीच्या नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा पीळ मात्र डावा आहे. त्याबद्दल कोणी कधी तिच्या हातावर चापट मारल्याचं ऐकिवात नाही.

या सैनिकी वारशातून एक खोड आपल्या रेंजवर आली आहे. एनसीसीत किंवा सैन्यात शिकलेले उस्ताद पोरांना बोल्ट झटक्यात चालवायला शिकवतात. ब्रिटिश शिपायाकडून एका मिनिटात तीनशे यार्डांवर पंधरा गोळ्यांची अपेक्षा असे, तिथं झटका हवाच होता. पण ५० मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत आज नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन (पालथं झोपून) आणि स्टँडिंग (उभं राहून) मिळून साठ गोळ्यांना दीड तास मिळतो. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ जिंकलं ते याच प्रकारात. इथं रायफल एकेक काडतूस हातानं घालून चालवायची असते. घाईचा काही उपयोग नाही. उपयोग आहे तो फक्त एका गोष्टीचा: बोल्ट चालवून हात परत आला तेव्हा बाकीचं शरीर होतं तिथंच आहे का?

हे नीट समजून घेऊ, कारण डाव्या-उजव्याचं सगळं भांडण इथं आहे. उजवा नेमबाज प्रोनला झोपलाय असं धरा. डाव्या दंडाला स्लिंगचा पट्टा, डावा पंजा हँडस्टॉपला, म्हणजे दस्त्याखालच्या अडणीला, टेकलेला. हा हात खुंटीसारखा. ही पोझिशन संपेपर्यंत तो हलवायचा नाही, कारण रायफलीचं वजन स्नायूंनी पेलायचं नसतं, पट्टा आणि हाडं पेलतात. शरीर एकदा लागलं की डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. साइट, म्हणजे रायफलीवरची नेम धरायची चकती, टार्गेटवरून सरकली असेल तर हातानं ओढून आणायची नाही. डावं कोपर जागेवर ठेवून कंबर-पाय सरकवायचे. या खटपटीत दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं पुढच्या वीस गोळ्यांना पुरवायची असतात.

मग उरला उजवा हात. तो ट्रिगर दाबतो आणि बोल्ट चालवतो. म्हणजे एक हात धरणारा, एक हात हलणारा. उजव्याच्या रायफलीत बोल्टची मूठ हलणाऱ्या हाताच्या बाजूला आहे. गोळी सुटली, ट्रिगर क्षणभर दाबूनच ठेवला, मग हात ग्रिपवरून निघाला, वीतभर वर मूठ, उचलली, ओढली, शेजारच्या ठोकळ्यातून काडतूस उचललं, ठेवलं, बंद केलं, परत ग्रिपवर. कोपर चटईवरून उचललं नाही तर उत्तमच. गाल चीकपीसवरून, म्हणजे दस्त्यावरच्या गालाच्या टेकणीवरून, निघाला नाही तर सोन्याहून पिवळं.

आता डावखुऱ्या मुलीला हीच उजवी रायफल द्या. क्लबच्या कपाटात तीच असते, म्हणून दिली जाते. स्लिंग तिच्या उजव्या दंडाला. म्हणजे बोल्टच्या बाजूचा हात हा तिचा खुंटीचा हात. तो सोडला तर पोझिशन गेली. म्हणून ग्रिपवरचा डावा हात रायफलीवरून पलीकडे न्यायचा. पण वर मागची साइट आहे, तिची चकती डोळ्याजवळ आलेली असते. मग हात चेहरा आणि साइट यांच्या मधून घाला, किंवा साइटला वळसा घाला. दोन्हीत गाल चीकपीसवरून उठतोच. त्यात टार्गेट रायफलीत बहुधा मूठ उचलतानाच आतली स्प्रिंग ताणली जाते, म्हणजे सगळ्यात जास्त जोर नेमका तिथं लागतो. पलीकडची मूठ अलीकडच्या हातानं उचलताना रायफल आपल्याकडे कलंडते. कलंडली की खांद्यातली बटप्लेट, म्हणजे दस्त्याची मागची पट्टी, सरकली. आणि हे प्रत्येक गोळीला.

मग प्रशिक्षक वहीत लिहितो, ‘मुलगी चंचल आहे, ग्रुप येत नाही’, म्हणजे गोळ्या एकीजवळ एक पडत नाहीत. मी म्हणतो, मुलीला काय झालंय? प्रत्येक गोळीला तिची पोझिशन मोडतेय, आणि ती प्रत्येक वेळी नवी बांधतेय. आपल्या घरातल्या आदोळीला डावं-उजवं नसतं. बसेल त्या हातानं नारळ खवला जातो. कात्रीला मात्र असतं. बोल्ट रायफल कात्रीच्या जातीची आहे, आणि कपाटात एकच कात्री असल्यामुळे आपण पोरांची बोटं बदलायला बघतो.

स्टँडिंगला हे दुखणं बरंच कमी होतं. तिथं स्लिंग चालतच नाही, आणि दोन गोळ्यांच्या मधे बहुतेक जण रायफल स्टँडवर टेकवतात. मग कुठल्या हातानं भरली याला फारसं महत्त्व नाही. नीलिंगला पुन्हा स्लिंग आहे, तिथं प्रोनइतकाच त्रास.

बेंचरेस्टवाल्यांनी, म्हणजे टेबलावर रायफल ठेवून मारणाऱ्यांनी, यावर डोकं चालवलंय. त्यांच्याकडे मूठ उजवीकडे पण काडतूस घालायची खिडकी डावीकडे, अशा रायफली मिळतात. उजव्या हातानं बोल्ट ओढायचा, डाव्या हातानं काडतूस टाकायचं. तिथं डावा हात रिकामाच असतो ना! बायथलॉनच्या, म्हणजे बर्फावरच्या स्कीइंग-नेमबाजीच्या, रायफलीत तर मूठ वर उचलायचीच नसते. तर्जनीनं मागं ओढायची, अंगठ्यानं पुढं ढकलायची, हात ग्रिपपासून फारसा दूर जातच नाही. या लोकांनी ‘उजवा की डावा’ असं विचारलं नाही. कुठला हात मोकळा आहे, असं विचारलं. आपल्या रेंजवर हा प्रश्न विचारताना मी क्वचितच कोणाला ऐकलंय.

कोणीतरी लगेच टकाचचं नाव घेतो. हंगेरीचा कारोली टकाच. १९३८ मध्ये हातबॉम्बनं त्याचा उजवा हात निकामी झाला, तो डाव्या हातानं शिकला आणि १९४८ ला लंडन, १९५२ ला हेलसिंकी, दोन्हीकडे सुवर्ण. ‘बघा, हात बदलता येतो!’ येतो, पण ते पिस्तूल होतं. पिस्तूल एका लांब हातावर असतं, ते कुठल्याही डोळ्यासमोर आणता येतं. रायफलीत खांदा, गाल आणि डोळा एका बाजूला बांधलेले आहेत. टकाचची जिद्द मुलांना जरूर सांगा, पण तिच्या जोरावर डावखुऱ्या पोराला उजव्या रायफलीवर बसवू नका.

मग हात उजवा आणि डोळा डावा, त्यांनी काय करायचं? नवीन मुलगा असेल तर डोळ्याच्या मागं जा. डाव्या खांद्यावरून सुरुवात करा. पहिले काही आठवडे अवघडल्यासारखं होईल, नंतर शरीराला तेच खरं वाटायला लागतं. ट्रिगरवरचं बोट कोणत्याही हाताचं शिकतं, डोळा इतका शिकत नाही. पण चार-पाच वर्षं उजव्या खांद्यावरून चांगली मारणारी मुलगी असेल तर तिला उचलून पलीकडे फेकू नका. तिच्या डाव्या डोळ्यासमोर पट्टी लावा. पट्टी अर्धपारदर्शक हवी, काळी नको. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एकत्र लहान-मोठ्या होतात. एक डोळा मिटला किंवा काळोखात टाकला की दुसऱ्याचीही बाहुली फाकते आणि साइटची कड फिकी पडते. चष्म्यावरची पट्टी जास्तीत जास्त ३० मिलिमीटर रुंद, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नियमपुस्तकात आणखी एक सोय आहे. उजव्या खांद्यावरून मारून डाव्या डोळ्यानं बघणाऱ्याला, किंवा उलट, प्रिझम किंवा आरसा वापरता येतो. फक्त त्यात मोठं दाखवणारी काच नको. इतकी खास परवानगी दिली आहे, म्हणजे ही अडचण असणारे जगभर आहेत.

डावखुऱ्यांबद्दल रेंजवर एक समजूत फिरते, की त्यांची स्लिंग हृदयापासून लांबच्या दंडाला असल्यामुळे ठोका कमी लागतो. ठोका दंडातल्या धमनीतून पट्ट्यात उतरतो आणि धमनी दोन्ही दंडांत आहे. पट्टा एक भोक सैल करा, ठोका कमी होईल.

लेनचं मात्र खरं आहे. ५० मीटर रेंजवर लेन निदान सव्वा मीटर रुंद असते. प्रोनला उजव्याचे पाय डावीकडे जातात, डावखुऱ्याचे उजवीकडे. डावखुऱ्याच्या उजवीकडच्या लेनवर उजवा आला की पायांची अडवणूक. स्टँडिंगला डावीकडच्या लेनवरचा उजवा आणि तो समोरासमोर तोंड करून उभे. शाळेच्या स्पर्धेत डावखुऱ्या मुलाला टोकाची लेन द्या, त्याचे पाय मोकळ्या बाजूला येतील अशी. खर्च शून्य.

आपल्या हवेचंही सांगतो. जूनपासून बोल्टवर घाम आणि दमट हवा मिळून गंजाची पातळ साय धरते. घट्ट झालेला बोल्ट चालवायला जोर लागतो आणि तो जोर पोझिशनमधून वजा होतो. रोज कोरड्या कपड्यानं पुसायचा, तेलाचं नुसतं बोट फिरवायचं.

पालकांचा नेहमीचा प्रश्न आत्ताच चिठ्ठीवर आलाय: ‘मुलगी डावखुरी आहे, डावी रायफल घ्यावी का?’ दहा मीटरला आत्ता घेऊ नका. चांगल्या एअर रायफलींचा चीकपीस आणि बटप्लेट फिरवून लावता येतात. डावी ग्रिप वेगळी घ्यावी लागते, पण ती रायफलीपेक्षा खूपच स्वस्त. मुलगी तीनेक वर्षं टिकली, पॉइंट टू-टूवर, म्हणजे ५० मीटरच्या काडतुसाच्या रायफलीवर, जायचं ठरलं, परवान्याचं झालं, मग डावा बोल्ट घ्या. अन्शुट्झसारखे कारखाने तो करतात. जुनी मिळणं कठीण, विकणंही कठीण, हे धरून चाला. आणि ऑर्डर देताना ‘डावखुरी रायफल’ एवढंच लिहू नका. दस्ता डावा, बोल्ट डावा, ग्रिप डावी, असं वेगवेगळं लिहा. नाहीतर दस्ता डावा आणि बोल्ट उजवा अशी रायफल घरी येते, आणि कारखान्याच्या हिशेबानं त्यांनी मागितलं तेच पाठवलेलं असतं.