ओट्याची कड

पत्रिकेत विषय छापलाय 'नव्या घराची ओटी कशी बांधावी'. त्याकडे येणार आहेच, घाबरू नका. पण त्याआधी माझा एक हट्ट ऐकून घ्या, तुम्ही पंख्याखाली आयते सापडला आहात तोवर. ओटी म्हणा, पडवी म्हणा, ओसरी, सोपा, विदर्भात छपरी, गोव्यात बाल्कांव. या सगळ्यांची गंमत एका मापात आहे. कडेची उंची. १६ ते १८ इंच.

खुर्चीची बैठक साधारण एवढ्याच उंचीवर असते. ओटा जमिनीपासून दीड फूट वर असला, की त्याची कडच बैठक होते. रस्त्याने जाणारा माणूस चप्पल न काढता, पाय अंगणातच ठेवून, बूड टेकतो. तो घरात आलेला नसतो, म्हणून आतल्यांना आवराआवर करावी लागत नाही. तो बाहेरही उरलेला नसतो, म्हणून पाणी विचारावंच लागतं. 'बसत नाही, घाईत आहे' म्हणत तासभर जे बोलणं होतं ते या कडेवर. त्यालाच आत खुर्ची द्या, दहा मिनिटांत उठेल. खुर्चीवर बसलं की कामाचं बोलावं लागतं ना!

पायरी ६ इंचांची धरली तर दीड फुटाला तीन पायऱ्या चढायच्या. हल्ली रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो म्हणून लोक जोतं, म्हणजे घराचा चौथरा, अडीच फुटांवर नेतात. बरोबरच आहे त्यांचं, पण मग पाय लोंबकळतात, कड मांडीखाली रुतते आणि थोड्याच वेळात पायाला मुंग्या येतात. जोतं उंच हवंच असेल तर कडेच्या बाहेर, जमिनीपासून दीड फूट उंचीवर, सव्वा फूट रुंदीचा दुसरा टप्पा काढा. गोव्यात बाल्कांवाच्या पायऱ्या चढून वर गेलं की दोन्ही अंगांना समोरासमोर दगडी सोपो, म्हणजे बाकं, असतात. तिथं जोतं उंच आहे, तरी बसायची सोय गेलेली नाही. आणि कड सिमेंटची असो वा चिऱ्याची, तिची धार मारून अर्ध्या इंचाची गोलाई घ्या. गवंडी 'कशाला?' विचारेल. त्याला पाच मिनिटं धारेवर बसवा.

आता ग्रिल. इथं कितीजणांच्या ओटीला ग्रिल आहे? हात वर नका करू, चेहऱ्यांवरून कळतंय.

ग्रिलची कारणं मला पाठ आहेत. वानर येतात, कुत्री येतात, चोर येतात. चौथं कारण कुणी सांगत नाही, ते म्हणजे शेजाऱ्याने लावलंय. वानरांचं खोटं नाही, कोकणात राहून ते खोटं कोण म्हणेल? पण जाळी कडेला का? ती आतल्या भिंतीला लावा, दाराला आणि खिडक्यांना. घर बंद होईल, ओटी उघडी राहील. कडेला ग्रिल लावलं की पुढचं ठरलेलंच. आधी त्यावर टॉवेल वाळतात. मग आत चपलांचं कपाट येतं. मग स्कूटर. मग पावसाची झड येते म्हणून सरकत्या काचा. शेवटी तिथं दिवाण पडतो, आणि माजघरात दिवसा दिवा लावावा लागतो, कारण मधल्या खोलीला उजेड मिळायचा तो ओटीतूनच. पूर्वी झडीला उपाय नव्हता असं नाही. झावळ्यांची विणलेली झापं पावसाळ्यापुरती पडवीला बांधायचे आणि पाऊस सरला की सोडायचे. आज शेडनेट बांधा, ताडपत्री बांधा, माझी हरकत नाही. दिवाळीला सोडा म्हणजे झालं.

ग्रिलच्या पाठोपाठ येते चकचकीत फरशी. पावसाचे शिंतोडे उडाले की तिच्यावरून म्हातारी माणसं घसरतात, आणि मे महिन्यात कडेची उन्हात तापली की तिथं कुणी बसत नाही. ओटी दोन्ही ऋतूंत गेली. फरशीच घालायची तर खरखरीत शहाबादी घाला, किंवा लाल कोबा करा.

सारवलेल्या जमिनीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. तिचं कौतुक पुष्कळ होतं आणि ती करायची कशी ते सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. (मागून कुणीतरी 'वास येतो' म्हणालं. वाळली की येत नाही. वास येतोय म्हणजे वाळलेली नाही, त्याबद्दल पुढे सांगतो.)

शेणाने जमीन होत नाही, जमीन होते मातीने. चाळलेला तांबडा मुरूम ३ ते ४ इंच पसरायचा, पाणी मारून रात्रभर मुरू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी चोपण्याने चोपायचा. पुन्हा पाणी, पुन्हा चोपणं, असं काही दिवस. पाय दाबला तरी ठसा उमटत नाही तोवर. नुसती चिकणमाती घेतली तर वाळताना ती आकसते आणि जमिनीला भेगा पडतात. भेगा पडल्याच तर माती आणि शेण कालवून भरायच्या, त्यावरून तसंच सारवायचं नाही, नाहीतर भेग आठवड्यात पुन्हा वर येते.

मग शेण. ताजं हवं आणि गवत-पेंढा खाणाऱ्या जनावराचं हवं. त्यात न पचलेल्या गवताचे बारीक तंतू असतात, तेच धूळ धरून ठेवतात. नुसत्या पेंडीवरच्या जनावराचं शेण पातळ, चिकट. त्याची पकड तेवढी येत नाही. काड्या-खडे वेचून ते पातळ पिठल्याइतकं कालवायचं. जमिनीवर आधी पाण्याचा हलका शिपका मारायचा. कोरड्या जमिनीवर हात फिरवला तर माती पाणी ओढून घेते आणि शेणाचे पट्टे उठतात. सुरुवात भिंतीकडच्या कोपऱ्यातून. तळव्याने डावीकडून उजवीकडे अर्धगोल ओढायचा, पुढचा अर्धगोल आधीच्यावर दोन बोटं चढवायचा, आणि मागे सरकत सरकत कडेपर्यंत यायचं. थर पातळ हवा. 'जाड केलं की जास्त टिकेल' या समजुतीने दिलेले जाड थर वाळल्यावर पोपडे होऊन निघतात. दोनेक तास त्यावर कुणी जायचं नाही. कोंबड्यांना हे सांगता येत नाही, म्हणून कडेला एक माणूस काठी घेऊन बसतो. बघा, कड पुन्हा उपयोगी पडली!

काळीभोर जमीन हवी म्हणून जुने सेल फोडून आतली पूड शेणात घालायची पद्धत कोकणात होती, अजूनही कुठे कुठे आहे. ती करू नका. त्या पुडीत मँगनीजची संयुगं असतात, आणि सारवतो आपण उघड्या हाताने, तीवर रांगतं मूल. करवंट्यांचा कोळसा वस्त्रगाळ करून घाला, रंग येतो. आणि ऐन पावसाळ्यात सारवण वाळतच नाही, बुरशी धरते. तेव्हा उघडीप बघून, एरवीपेक्षाही पातळ हात.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता सुरू होतो.

खोली, म्हणजे भिंतीपासून कडेपर्यंतचं अंतर: ६ फुटांच्या आत नको. खुर्चीला अडीच फूट, गुडघ्यांना दीड, जाण्यायेण्याला दोन. ४ फुटांची केलीत तर तो बोळ होतो, लोक तिथून जातात, बसत नाहीत. झोपाळा टांगायचा असेल तर ८ ते ९ फूट.

छप्पर: मंगलोरी कौलाला (स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासूनची ही, त्याआधी नळीची) उतार ३० अंशांच्या आसपास धरा. ६ फूट ओटी आणि २ फूट बाहेर वळचण, मिळून ८ फुटांत छप्पर साडेचार फुटांहून थोडं जास्तच उतरतं. वळचण ओटीच्या जमिनीपासून ७ फुटांवर राहायला हवी असेल, तर भिंतीपाशी सुरुवात पावणेबारा फुटांवर करा. हे गणित घराचा नकाशा काढतानाच करायचं असतं. नंतर केलेली पडवी म्हणूनच डोक्याला लागते.

दिशा: दक्षिणेची ओटी उत्तम. डिसेंबरच्या शेवटी भरदुपारी ऊन त्या वळचणीखालून जमिनीवर ४ फूट आत येतं, आणि मे महिन्यात सूर्य डोक्यावर असल्याने भरदुपारी येत नाही. पश्चिमेला कितीही खोल करा, संध्याकाळी ऊन तोंडावर येणारच. तिथं झाड लावा.

पाणी: ओटीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, ६ फुटांत १ इंच. पागोळ्या जिथं पडतात त्या रेषेवर फूटभर रुंदीचा चर खणून खडी भरा, नाहीतर चिखल उडून जोतं पावसाळाभर ओलं राहतं.

वारा: ३ जून २०२० चं निसर्ग वादळ इथं कुणाला सांगायला नको. उघड्या पडवीत वारा खालून शिरतो आणि छप्पर उचलतो. पडवीचे वासे घराच्या वाशांपासून वेगळे ठेवा, खांबांना लोखंडी पट्टीने आवळा. गेलं तर पडवीचं जाईल, घराचं राहील. वादळानंतर पत्रा घातलेल्यांनी निदान खाली फळ्या मारून घ्या. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की गप्पा संपतात.

दिवा भिंतीला लावा, कडेला नको. किडे दिव्याकडे जातात.

झोपाळ्याचा हुक स्लॅब ओतायच्या आधी सळ्यांच्या वरून वळसा देऊन बांधून घ्या. लाकडी तुळई असेल तर आरपार बोल्ट, वर रुंद वॉशर आणि दोन नट. नंतर भोक पाडून फास्टनरवर टांगू नका. पाटावर माणसं चौघं बसली तर वजन पावणेतीनशे किलोंच्या घरात जातं, आणि हलतं वजन थांबलेल्यापेक्षा जास्त ओढतं. पाटाची उंची? तीच, १६ ते १८ इंच. अध्यक्ष उठलेत. कोब्याची प्रमाणं चहाच्या वेळी विचारा, तिथं सांगतो.