गॅल्व्हेस्टन : भिंत पुढे, पाणी मागून

श्रोतेहो, चक्रीवादळात माणसे वाऱ्याने मरतात असा आपला समज असतो. सखल किनाऱ्यावर बहुतेक बळी पाणी घेते, आणि ते पाणी कोणत्या बाजूने येईल याचा अंदाज शहाणी माणसेही कशी चुकतात, हे मला टेक्सासच्या किनाऱ्यावरील गॅल्व्हेस्टन या एकाच शहराच्या आधारे सांगायचे आहे.

हे शहर खडकावर नाही, वाळूच्या लांबट दांड्यावर वसले आहे. दक्षिणेला मेक्सिकोचे आखात, उत्तरेला उथळ खाडी. १९०० साली येथे ३७ हजारांवर वस्ती होती, कापसाच्या निर्यातीवर बंदर श्रीमंत झाले होते, आणि सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून ९ फुटांच्याही आत होती. त्याच किनाऱ्यावरचे इंडियानोला हे बंदर १८७५ आणि १८८६ च्या वादळांत नष्ट झाल्यावर येथेही संरक्षक भिंतीची मागणी झाली होती. परंतु स्थानिक हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्ये लिहिले की अशा वादळाची भीती निराधार आहे; समुद्रतळाचा उतार मंद असल्याने लाटांचा जोर आपोआप ओसरेल. खरे तर नेमके उलटे घडते. वाऱ्याने रेटलेल्या पाण्याला खोल समुद्रात खालून परतायला वाव असतो. उथळ तळावर तो मिळत नाही, म्हणून पाणी चढतच जाते. यालाच आपण वादळी उधाण म्हणू.

८ सप्टेंबर १९०० च्या सकाळी वारा उत्तरेचा होता, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. त्याने आखाताचे पाणी मागे सारायला हवे होते. तरीही ते वाढत होते. त्याच वाऱ्याने खाडीचे पाणी मागच्या बाजूने शहरात लोटले. रस्त्यांवर आलेल्या त्या पाण्यात मुले खेळत होती. संध्याकाळी वारा फिरला आणि आखाताच्या बाजूने १५ फुटांहून उंच उधाण बेटावर चढले. कोसळलेल्या घरांचे वासे पुढच्या घरांवर आदळून तीही पाडत गेले. अखेर त्याच ढिगाऱ्याचा बांध झाला आणि त्यामागची घरे वाचली. मृतांची संख्या ६ ते १२ हजारांच्या दरम्यान मानली जाते. क्लाइन यांची पत्नी त्यांत होती. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण भिंत नको असलेल्या शहराला ऐकायचे होते तेच त्यांनी लिहिले, हेही विसरता येत नाही.

त्यानंतर शहराने जे केले ते थक्क करणारे आहे. १९०४ पर्यंत १७ फूट उंचीची, तीन मैलांहून लांब काँक्रीटची भिंत आखाताच्या बाजूने उभी राहिली. मग शहरच उचलण्यात आले. दोन हजारांवर इमारती हाताने फिरवायच्या जॅकवर चढवल्या, आणि त्यांच्याखाली वाळूमिश्रित पाणी नळांतून सोडून भराव घातला. घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. लोक कित्येक वर्षे लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करत, आणि खाऱ्या भरावाने झाडे मेली. १९१५ च्या मोठ्या वादळात भिंत टिकली.

मात्र पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून या भरावाला उतार दिला होता, तो भिंतीकडून खाडीकडे. भिंतीजवळचा भाग सर्वांत उंच झाला, तर जुनी व्यापारी पेठ असलेली खाडीची बाजू सखलच राहिली. १३ सप्टेंबर २००८ रोजी आइक वादळ येथे धडकले तेव्हा भिंत उभीच होती. पाणी तिला वळसा घालून खाडीत साठले आणि मागच्या दाराने त्या पेठेत शिरले. दुकानांचे तळमजले बुडाले. आता खाडीच्या मुखाशी प्रचंड दरवाजे आणि शहराच्या मागील बाजूने वळणारी तटबंदी अशी योजना अमेरिकी काँग्रेसने २०२२ मध्ये मंजूर केली आहे. १९०० च्या त्या सकाळी मुले ज्या पाण्यात खेळत होती, ते याच बाजूने आले होते.