चालत जाता येतंय तोवर

मंडळी, वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांसाठीच्या निवासांच्या अनेक प्रवेशअर्जांत एक अट असते: राहायला येणाऱ्याला स्वतःची रोजची कामं स्वतः करता आली पाहिजेत. ही ओळ आपल्याकडे कुणी वेळेवर वाचत नाही. अर्ज आणायला माणूस धावतो तेव्हा आजोबा पडलेले असतात, खुब्याचं ऑपरेशन झालेलं असतं आणि हॉस्पिटलने डिस्चार्जची तारीख दिलेली असते. मनात धरलेल्या चांगल्या जागा मग नाही म्हणतात. जिथे कॉट रिकामी आहे तिथे जावं लागतं, आणि ती रिकामी का आहे हे विचारायला सवड नसते.

रोजची कामं म्हणजे सहा: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, कॉटवरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि आपल्या हाताने जेवणं. साधारणपणे आंघोळ सगळ्यात आधी जड जाते, घास तोंडात घालणं सगळ्यात शेवटी सुटतं. म्हणून खूण सोपी आहे. आंघोळीला कुणीतरी दाराशी उभं राहावं असं वाटू लागलं, की अर्ज भरायचा. नाव प्रतीक्षायादीत त्याच्याही आधी गेलेलं बरं.

जागा बघायला जाताना खिशात मोजपट्टी ठेवा. साधी व्हीलचेअर 25 ते 27 इंच रुंद असते. आपल्याकडचं बाथरूमचं दार सर्रास अडीच फुटी. चौकट आणि दाराची जाडी वजा केली की वाट उरते जेमतेम 26 इंचांची. खुर्ची अडकते, नाहीतर ढकलणाऱ्याची बोटं सोलली जातात. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2024 साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी दारांची किमान रुंदी 900 मिलिमीटर, म्हणजे जवळपास 3 फूट ठरवली, ती उगाच नव्हे. पण ते नियम बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पांसाठी आहेत. जुन्या बंगल्यात थाटलेल्या केअर सेंटरला कुणी ते विचारत नाही. बाथरूमचं दार आत उघडत असेल तर तेवढ्यावरच जागा नापास करायला हरकत नाही, कारण आत पडलेला माणूस दारालाच आडवा येतो. बेल भिंतीवर चार फुटांवर असेल तर तीही शोभेचीच. जमिनीवर पडलेल्याच्या हाताला लागेल अशी दोरी हवी. ती ओढा आणि कुणी यायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा.

भेट न कळवता द्या, शक्यतो संध्याकाळी सातच्या सुमाराला. सकाळी अकरा वाजता सगळीकडेच फिनाईलचा वास आणि हसतमुख व्यवस्थापक असतात. रात्री दहा ते सहा किती मावशी आणि किती मामा असतात, किती कॉटना, हे आकड्यात विचारा. ‘पुरेसे आहेत’ हे उत्तर धरू नका.

करारात लोक डिपॉझिटची रक्कम वाचतात. वाचायला हवं ते बाहेर पडण्याचं कलम. डिपॉझिट किती दिवसांत परत, त्यातून काय कापणार? माणूस महिनाभर हॉस्पिटलमध्ये असेल तर त्या महिन्याचे पैसे पूर्ण की अर्धे? आणि स्मृतिभ्रंश झाला, अंथरूण धरलं, तर तिथेच ठेवणार, दुसऱ्या मजल्यावर हलवणार, की ‘पंधरा दिवसांत घेऊन जा’ म्हणणार? मुलं अमेरिकेत असली तर स्थानिक जबाबदार व्यक्तीची सही मागतात. ती सही करणारा भाचा स्वतः अडुसष्टचा असेल तर दुसरंही नाव आजच द्या.

आता पैसा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, 8.2 टक्के व्याज धरलं तर तिमाहीला 61,500 रुपये, म्हणजे महिना 20,500. पतीपत्नी दोघांचे मिळून 41,000. दोघांचं मासिक शुल्क आज 40,000 असेल तर गणित जमलं असं वाटतं. पण हे व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं आणि शुल्क दरवर्षी वाढतं. वाढ 8 टक्के धरली तर नऊ वर्षांत ते दुप्पट, 80,000. डायपर, फिजिओथेरपी, वेगळी मावशी यांचं बिल त्यावर.

मग राहता फ्लॅट विकू, असं म्हणतात. इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. ‘मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलंय’ हे समाधान खोटं आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी गेली की ते संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी. फ्लॅट एकट्या आजींच्या नावावर आणि आजींना डिमेन्शिया, तर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून विकायचं की भाड्याने द्यायचं, हे डोकं शाबूत असताना ठरवा. मात्र नव्या जागी महिनाभर राहून बघितल्याशिवाय विकू नका. मुलांना बक्षीसपत्राने द्यायचा असेल तर ‘देखभालीचा व निवासाचा खर्च करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तातच घाला. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 या अटीवर उभं आहे. ती मोडली तर न्यायाधिकरण दस्त रद्द करू शकतं. तोंडी कबुलीवर भांडत बसावं लागतं. बँकेचं खातं ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात’ असं करून घ्या. नुसता हात थरथरत असेल तर बँक दोन साक्षीदारांसमोर अंगठाही घेते; त्यांतला एक बँकेचा अधिकारी लागतो.

शेवटचा कागद वैद्यकीय इच्छापत्राचा, म्हणजे आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा. 2023 पासून तो सोपा झाला आहे: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. एक प्रत राहत्या केंद्राच्या ऑफिसातल्या फाइलमध्ये लावा, आणि एक खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून. औषधांची यादी आणि रक्तगटही तिथेच. रात्री तीन वाजता अॅम्ब्युलन्स येते तेव्हा ऑफिसला कुलूप असतं आणि खोलीत असते ती फक्त रात्रपाळीची मावशी.