पॅनलच्या पाठीमागची ऊब

(दृश्य: भर दुपार. छपरावर सोलर पॅनलची रांग. कॅमेरा हळूहळू पॅनलच्या खाली शिरतो.)

पॅनलचं तोंड आपण नेहमीच बघतो. आज त्याची पाठ बघू या.

या पॅनलची क्षमता ५५० वॅट आहे. त्याच्या माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते, तापमान गुणांकाची. इथे लिहिलंय उणे ०.३५ टक्के. म्हणजे आतला सेल, वीज बनवणारी सिलिकॉनची पातळ चकती, २५ अंशांच्या वर गेला की पुढच्या प्रत्येक अंशाला तेवढी वीज कमी. ५५० हा आकडा प्रयोगशाळेतला आहे, चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेल बरोबर २५ अंशांवर असतानाचा.

(दृश्य: पॅनलच्या पाठीवर रोखलेला इन्फ्रारेड थर्मामीटर. आकडा स्थिरावतो, ६५.)

चाळीस अंश जास्त. चाळीस गुणिले ०.३५, चौदा टक्के वीज गेली. ५५० चे उरले ४७० च्या आसपास. ऊन कडक आहे, आकाश निरभ्र आहे, आणि तरीही!

ही उष्णता सिलिकॉनच्या स्वभावातच आहे. साधारण ११०० नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगांचा प्रकाश त्यातल्या इलेक्ट्रॉनला हलवूच शकत नाही. उलट निळ्या-जांभळ्या प्रकाशात लागते त्याहून जास्त ऊर्जा असते, आणि वरकड ऊर्जेची होते निव्वळ उष्णता. म्हणून एका थराचा सेल उन्हातल्या ऊर्जेची जास्तीत जास्त किती वीज करू शकतो याला मर्यादा आहे, हे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम शॉकली आणि हान्स क्वायसर यांनी १९६१ मध्ये गणिताने दाखवलं. ती मर्यादा आज ३३ टक्क्यांच्या आसपास धरतात. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतला पहिला कामाचा सिलिकॉन सेल सहा टक्क्यांवर होता. आज बाजारातली चांगली पॅनल २० ते २३ टक्क्यांवर आहेत. थोडा प्रकाश परावर्तित होतो. बाकी सगळं ऊन पॅनल तापवतं आणि वाऱ्यावर निघून जातं.

मग ती ऊब पकडली तर?

(दृश्य: उलटं ठेवलेलं हायब्रिड पॅनल. मागचं झाकण काढलेलं.)

हे आहे पीव्हीटी, म्हणजे वीज आणि उष्णता दोन्ही देणारं पॅनल. बॅटरीला जोडायच्या ‘हायब्रिड इन्व्हर्टर’शी याची गल्लत करू नका, ती वेगळी गोष्ट. इथे वरून काच आणि सेल नेहमीचेच. पण मागे धातूचा पत्रा घट्ट चिकटवलेला आहे आणि त्याला या नागमोडी नळ्या जोडल्या आहेत. नळ्यांतून पाणी, किंवा थंड प्रदेशात गोठू नये म्हणून ग्लायकॉल घातलेलं पाणी, छोट्या पंपाने फिरतं. पत्रा सेलमधली उष्णता ओढतो, पाणी ती टाकीपर्यंत नेतं. पत्रा आणि सेल यांच्यात हवेची बारीकशी पोकळी राहिली, तरी तिथे उष्णता अडते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. या पॅनलचा खरा कस त्या चिकटवण्यात लागतो.

कल्पना नवी नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने ‘सोलर वन’ नावाचं घर उभारलं. त्याच्या छपरावरच्या पॅनलखालून हवा खेळवून वीज आणि ऊब दोन्ही घेतली जात होती.

आता जाहिरातीतला आकडा. वीस टक्के वीज, चाळीस टक्के उष्णता, एकूण साठ टक्के कार्यक्षमता! ऐकायला छान वाटतं. पण ही बेरीज मला पटत नाही. एक युनिट वीज आणि एक युनिट कोमट पाण्यातली उष्णता, या दोन गोष्टी एका तराजूत बसत नाहीत. बाहेर २० अंश तापमान असेल तर ४० अंशांच्या पाण्यातल्या उष्णतेपासून आदर्श यंत्रसुद्धा जेमतेम सहा टक्के काम काढू शकतं. तीच वीज मात्र दिवा लावते, मोटर फिरवते आणि हवं तेव्हा पाणीही तापवते.

आणि ती कशी तापवते, हे महत्त्वाचं. हीट पंप, म्हणजे फ्रिजसारखं उष्णता एकीकडून दुसरीकडे ओढून नेणारं यंत्र, एका युनिट विजेवर साधारण तीन युनिट उष्णता देतो, कारण दोन तो बाहेरच्या हवेतून गोळा करतो. म्हणजे साध्या पॅनलची २१ टक्के वीज हीट पंपात घातली, तर उन्हाच्या साठ टक्क्यांहून जास्त उष्णता हातात येते. छपरावर पाण्याचा एक थेंबही न फिरवता.

तरीही पीव्हीटीला निकालात काढणं अन्यायाचं होईल. दोन चौरस मीटरच्या पॅनलवर भर उन्हात दोन हजार वॅट पडतात. त्यातले चाळीस टक्के पाण्यात उतरले, तर तासाभरात शंभर लिटर पाणी सुमारे सात अंशांनी तापतं. आणि त्या पाण्याने सेल ६५ वरून ४५ वर आणला, तर मूळ क्षमतेच्या सात टक्के वीजही परत मिळते.

(दृश्य: टाकीवरचा तापमापक. काटा ३०, ४०, मग ५० वर.)

गोम इथे आहे. पाणी जितकं गरम हवं, तितकं पॅनलही गरम ठेवावं लागतं. टाकीत ६० अंश हवे असतील, तर सेल साठाच्या वरच असणार. मग थंड करण्याचा फायदा कुठे राहिला? शिवाय दुपारपर्यंत टाकी तापून गेली, की पाणी उष्णता घेईनासं होतं आणि पॅनल पुन्हा आपलं तापायला मोकळं. वर काचेचं दुसरं आवरण लावलेल्या प्रकारात पाणी जास्त तापतं. पण ती काचही थोडा प्रकाश परत पाठवते, आणि पंप बंद पडला तर आतलं तापमान इतकं चढतं की सेलभोवतीचा चिकट थर पिवळा पडतो, सुटायला लागतो. साध्या पॅनलला ही भीती नाही. त्यात हलणारा भाग नाही, नळी नाही, गळती नाही.

म्हणून पीव्हीटीची खरी जागा कोमट उष्णतेत आहे. पोहण्याचा तलाव, जिथे २७-२८ अंश पुरतात. गीझरकडे जाणारं थंड पाणी आधीच थोडं तापवून देणं. आणि सगळ्यात सुंदर जोडी हीट पंपाशीच. बोचऱ्या थंडीतल्या हवेऐवजी त्याला पॅनलच्या पाठीवरची १५-२० अंशांची उष्णता मिळाली, तर तो कमी विजेत तेवढंच काम करतो. जमिनीतून उष्णता घेणाऱ्या हीट पंपासाठी तर उन्हाळ्याची उष्णता बोअरमध्ये परत सोडून जमीन पुन्हा गरम करता येते. छप्पर लहान आणि बारा महिने कोमट उष्णतेची गरज असेल, तर मी पीव्हीटीच्या बाजूने उभा राहीन. छप्पर मोठं असेल तर साधी पॅनल जास्त लावा आणि पाण्यासाठी हीट पंप घ्या.

(दृश्य: पीव्हीटीच्या माहितीपत्रकातला उतरता आलेख.)

पीव्हीटी विकायला कुणी आलं, तर हा आलेख मागा. पाणी हवेपेक्षा जितके अंश गरम, तितकं आपण उजवीकडे जातो, आणि रेघेची उंची सांगते की उष्णता किती मिळते. डावीकडचं टोक, जिथे उष्णतेचा आकडा सर्वांत मोठा दिसतो, ते पाणी आणि हवा एकाच तापमानाला असतानाचं असतं. जाहिरातीत बहुधा तेच छापतात. तुम्हाला बाहेरच्या हवेपेक्षा तीस अंश गरम पाणी हवं असेल, तर बोट उजवीकडे तीसवर न्या. तिथे रेघ किती खाली उतरली आहे, ते बघा.