जमजम उभ्याने प्यायचं की बसून?

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. तर दरवर्षी हजच्या तरबियत, म्हणजे तयारीच्या कॅम्पात मला पहिला प्रश्न हाच येतो, सर जमजम उभं राहून प्यायचं का बसून? जमजम म्हणजे मक्केत काब्याजवळच्या विहिरीचं पवित्र पाणी. एहरामचे, म्हणजे हजच्या पवित्र अवस्थेचे नियम, सईचे, म्हणजे सफा-मरवा टेकड्यांमधले फेरे, सगळं राहिलं बाजूला. म्हणून आधी हेच मिटवून टाकू.

बुखारी या हदीसच्या संग्रहात नबींचे चुलतभाऊ इब्ने अब्बास यांची हदीस, म्हणजे नबींच्या बोलण्या-वागण्याची नोंद, आहे की त्यांनी नबी मुहम्मद सल्लल्लाहू अलैहि व सल्लम यांना जमजम दिलं आणि नबींनी ते उभ्यानेच घेतलं. आणि उभं राहून पाणी पिऊ नका, अशीही हदीस आहे. आता आपल्याकडे कोकणातले बहुतेक शाफई, देशावरचे हनफी, या सुन्नींच्या दोन फिकही परंपरा, म्हणजे धर्मनियमांच्या शाखा. हनफी मंडळी आवर्जून उभी राहतात, शाफईंना बसलेलं बरं वाटतं, आणि मग मक्केत एकाच खोलीतले रत्नागिरीचे आणि बीडचे हाजी रात्री यावरून वाद घालत बसतात. अहो, दोन्ही जायज आहे, म्हणजे चालतं. झोपा आता.

बाकीचं सोपं आहे. तवाफ, म्हणजे काब्याभोवतीचे सात फेरे, झाला, काब्याजवळच्या मकामे इब्राहिमच्या मागे नमाजच्या दोन रकात झाल्या की जमजम घ्यायचं आणि मग सफाकडे निघायचं. किबल्याकडे, म्हणजे काब्याच्या दिशेला तोंड, उजवा हात, बिस्मिल्लाह, तीन श्वासांत प्यायचं पण श्वास ग्लासात सोडायचा नाही, पोटभर प्यायचं, शेवटी अल्हम्दुलिल्लाह. हरममधे, म्हणजे काब्याच्या मशिदीत, जागोजागी कॅन ठेवलेले असतात, ज्यावर 'गैर मुबर्रद' लिहिलंय ते गार नसलेलं पाणी, घसा धरत असेल तर ते घ्या. कोरे ग्लास एका बाजूला, वापरलेले दुसऱ्या बाजूला. गर्दीत चुकून उष्टा उचलणारे मी दरवेळी बघतो.

आता दुआ, म्हणजे प्रार्थना. 'जमजम ज्यासाठी प्याल त्यासाठी आहे', ही इब्ने माजा या संग्रहातली हदीस. इब्ने अब्बास यांच्या नावाने जी दुआ सांगतात तिच्यात तीनच गोष्टी आहेत, उपयोगी पडेल असं इल्म म्हणजे ज्ञान, भरपूर रिज्क म्हणजे रोजी आणि प्रत्येक आजारापासून शिफा म्हणजे बरं होणं. अरबी पाठ नसेल तर मराठीत मागा, अल्लाहला मराठी कळतं. इब्ने हजर अस्कलानी, एवढा मोठा हदीसचा आलिम म्हणजे विद्वान, त्यांनी तरुणपणी जमजम पिताना काय मागितलं तर त्यांच्या आधीचे हदीसचे विद्वान जहबी यांच्यासारखी स्मरणशक्ती. आणि आपण काय करतो, घोट घेताना मोबाईल वर धरतो.

माझ्या कॅम्पातली एक म्हातारी होती, गावातल्या लोकांनी तिला दुआंची यादी लिहून दिली होती, चार पानं. कुणाला नोकरी, कुणाला मूल, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. तिथे पोचल्यावर चष्मा खोलीवर राहिला. मग तिने कागद छातीला लावला आणि म्हणाली, या अल्लाह, यात काय लिहिलंय ते तुला दिसतंय, मला नाही. मी पंधरा मिनिटं दुआ समजावून सांगतो ना, ते सगळं तिने एका वाक्यात उरकलं.

आणि धक्काबुक्की करू नका हो. वाळवंटात तहानलेल्या लेकरासाठी, इस्माईलसाठी, इब्राहिम नबींच्या बीबी हाजरा सफा ते मरवा सात वेळा पळाल्या तेव्हा हे पाणी निघालं, आणि त्यांनी हातांनी वाळूचा बांध घालून ते अडवलं. नबींनी म्हटलंय की हाजरांनी ते तसंच सोडलं असतं तर तो वाहता झरा झाला असता. तीस मीटरभर खोल विहीर आहे ती, काब्यापासून वीसेक मीटरवर, आणि अजून सगळ्यांना पुरते. तुमच्या मागचा माणूस पण त्याच्यासाठीच आलाय, तुम्ही ग्लास घेतला की बाजूला व्हा.

परत येताना पाच लिटरचा एकच कॅन मिळतो आणि घरी भेटायला येतो अख्खा मोहल्ला. त्यामुळे छोट्या वाट्या काढा, सोबत खजूर, आणि शेजारच्या हिंदू काकूंना पण द्या, त्यांच्या देवघरातल्या गंगाजलाच्या तांब्यामुळे त्यांना जास्त काही समजवावं लागत नाही. थोडं मात्र बाटलीत बाजूला ठेवा. कशाला ते घरातल्या मोठ्यांना विचारू नका, त्यांना माहितीये.